पूल, क्यूब आणि माझी सही



मिनियापोलिसला देशातून कुणी पाहुणे आले की आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला दिवस जेट लॅगचा. दुसऱ्या दिवशी मॉल ऑफ अमेरिका (आईला तिथला रोलर कोस्टर बघून "मॉलमधे जत्रा कशाला रे?" असा प्रश्न पडला होता). तिसऱ्या दिवशी मिसिसिपीचा काठ. तिथे १८८३ सालचा दगडी कमानींचा जुना रेल्वे पूल आहे, स्टोन आर्च ब्रिज. आता त्यावरून फक्त माणसं चालतात आणि सायकली जातात. त्या पुलावरून थोडं खाली, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने पाहिलं की कॉंक्रीटचा एक रुंद, गुळगुळीत, तसा काहीच न सांगणारा हायवेचा पूल दिसतो. तो ३५ डब्ल्यू. आणि अलीकडच्या काठावर एका बागेत तेरा पोलादी खांब उभे आहेत.

"हे काय रे?" असं पाहुण्यांनी विचारलं की बायको घड्याळात बघते. तिला माहीत असतं, आता अर्धा तास गेला.

कारण मी सिव्हिल. म्हणजे ऑफिसात मी जावा लिहितो, डेटाबेस सांभाळतो, इन्शुरन्स कंपनीच्या क्लेमची सिस्टिम बघतो. पण डिग्री सिव्हिलची, कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजची, २०११ साल. तुमच्यापैकी किती जणांची ही गोष्ट आहे ते मला ठाऊक आहे. मेकॅनिकल, प्रॉडक्शन, इन्स्ट्रुमेंटेशन, केमिकल... सगळ्या नद्या शेवटी त्याच समुद्राला मिळाल्या. :-) फरक इतकाच की मी आयटीत उडी मारायच्या आधी पावणेदोन वर्षं साईटवर काढली. त्या पावणेदोन वर्षांतल्या एका संध्याकाळबद्दल आज लिहायचं आहे. पण आधी हा पूल.

१ ऑगस्ट २००७, बुधवार, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं. ऑफिसेस सुटलेली, पुलावर गाड्यांची रांग. पुलाच्या आठपैकी चार लेन कामासाठी बंद, कारण वरचा थर नवा करायचं काम चालू होतं आणि त्यासाठी लागणारी वाळू-खडी आणि मशिनरी पुलावरच, मधल्या गाळ्याच्या दक्षिण टोकाला एका जागी आणून ठेवलेली. वजन सुमारे दोन लाख साठ हजार किलो. काही सेकंदांत मधला गाळा नदीत गेला. १११ गाड्या पुलाबरोबर खाली आल्या. १३ माणसं गेली, १४५ जखमी झाली. एक स्कूलबस पोरांनी भरलेली होती, ती कठड्याला टेकून अडकली आणि सगळी पोरं वाचली.

मी त्या वेळी कराडला पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला होता. आमच्या एका सरांनी पेपरातला फोटो वर्गात आणला होता. त्यांनी विचारलं, "का पडला असेल?" आम्ही सगळ्यांनी एकमुखाने उत्तर दिलं, "गंज!" लोखंडी पूल, चाळीस वर्षांचा, थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात तो देश. दुसरं काय असणार?

उत्तर चूक होतं. अपघातांची चौकशी करणारी इथली केंद्रीय संस्था, एन.टी.एस.बी., हिने सव्वा वर्ष घेऊन नोव्हेंबर २००८ मधे कारण सांगितलं. जुना पूल ट्रसचा होता, म्हणजे पोलादी दांड्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा. हे दांडे जिथे एकत्र येतात तिथे दोन्ही बाजूंनी पोलादी प्लेट लावून रिव्हेट ठोकतात. तिला गसेट प्लेट म्हणतात. या पुलात काही सांध्यांवरच्या प्लेट अर्धा इंच जाडीच्या होत्या. हव्या होत्या साधारण एक इंचाच्या. ही चूक १९६० च्या दशकात, डिझाइन करतानाच झालेली. चौकशीत ट्रसच्या बाकी भागांची आकडेमोड सापडली, पण मुख्य ट्रसच्या गसेट प्लेटची सापडली नाही.

आता खरी गंमत (गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही). हा पूल दुर्लक्षित नव्हता! १९९३ पासून दर वर्षी त्याची तपासणी होत होती. १९९१ पासून त्याच्या सांगाड्याला नऊपैकी चारच गुण मिळत होते, म्हणजे 'खराब'. युनिव्हर्सिटीने अभ्यास केला, सल्लागार नेमले, भेगा शोधल्या, गंज मोजला. आणि १९९९ व २००३ साली काढलेल्या फोटोंमधे त्याच गसेट प्लेट वाकलेल्या चक्क दिसतात. फोटो फाईलमधे होते. कुणीही ते 'वाकलंय' म्हणून लिहिलं नाही.

का? कारण सगळे गंज आणि भेगा शोधत होते. पुलावर किती वजन चालेल याचा हिशेब करताना दांडे धरायचे, प्लेट धरायच्या नाहीत, कारण प्लेट ही दांड्यांपेक्षा मजबूतच असणार, असं गृहीत. मधे दोन वेळा पुलाचं स्वतःचं वजन वाढलं, १९७७ ला वरून कॉंक्रीटचा थर दिला आणि १९९८ ला कठडे बदलले. दोन्ही वेळा प्लेटचा हिशेब कुणी केला नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर बग कोडमधे नव्हता, टेस्ट केसच लिहिलेली नव्हती. सगळ्या टेस्ट पास, सिस्टिम नदीत.

मला ही गोष्ट इतकी पाठ आहे याला कारण आमचा 'सरपंच'. (खरं नाव देत नाही. हॉस्टेलवर मेसच्या भांडणात न्यायनिवाडा करायचा म्हणून सरपंच.) तो माझ्याच वर्गातला. आम्ही बाकीचे कॅंपस इंटरव्ह्यूच्या रांगेत उभे असताना हा बाबा जी.आर.ई. देऊन इकडे आला, स्ट्रक्चर्समधे एम.एस. केलं, आणि सिव्हिलमधेच राहिला. गेली काही वर्षं तो पुलांवर काम करतो, आधी बांधणीवर आणि आता तपासणीवर. त्याला एच वन मिळवताना घाम फुटला. आपल्याला जशी बॉडीशॉप्सची रांग लागलेली असते तशी सिव्हिलला नसते. मग एफ.ई.ची परीक्षा, मग चार वर्षांचा अनुभव, मग पी.ई.ची परीक्षा. तेव्हा कुठे नावाचा शिक्का मिळतो. तो शिक्का त्याच्या टेबलावर असतो आणि तो त्याला हात लावू देत नाही.

त्याचं काम बघायला मी एकदा गेलो होतो. कामाला जायची वेळ पहाटेची. मिनेसोटात दोनच ऋतू असतात असा इथला जुना जोक आहे, हिवाळा आणि रस्त्याची कामं. बर्फ वितळला की केशरी पिंप उगवतात ती दिवाळीपर्यंत. पुलावर एक ट्रक उभा असतो, त्याचा हात कठड्यावरून बाहेर जातो, खाली वळतो आणि पुलाच्या पोटाखाली शिरतो. त्या हाताच्या टोकाला बादली, आणि बादलीत आमचा सरपंच, पट्टे बांधून, हातात हातोडी. कॉंक्रीटला ठोकून आवाज ऐकायचा. चांगलं कॉंक्रीट खणखणतं आणि आतून सुटलेलं असेल तर पोकळ, मडक्यासारखं वाजतं. पोलादाचा जो भाग तुटला तर अख्खा पूल जाईल, तो हाताच्या अंतरावरून बघावा लागतो, दुर्बिणीतून चालत नाही. आम्ही लहानपणी मंडईत कलिंगड वाजवून घ्यायचो, अगदी तसंच. फक्त खाली मिसिसिपी.

दर दोन वर्षांनी पूल तपासायचा हा इथला नियमही एका पुलाने दिलेला आहे. १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला, ४६ माणसं गेली. त्यानंतर देशभरासाठी तपासणीचे नियम आले. १९८७ ला न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी क्रीकवरचा पूल पुरात पायाखालची माती वाहून गेल्याने पडला, दहा जण गेले. मग पाण्याखाली पाणबुडे उतरवून पाया तपासायचं गांभीर्य आलं. ३५ डब्ल्यू पडल्यावर गसेट प्लेटचा हिशेब बंधनकारक झाला. नियमांच्या पुस्तकाचं प्रत्येक पान असं कुणाच्या तरी नावावर आहे, असं सरपंच म्हणतो.

आणि तो हेही म्हणतो की तपासणीतला सगळ्यात मोठा शत्रू गंज नाही, तर मागच्या वेळचा रिपोर्ट. तो उघडायचा, तारीख बदलायची, "पूर्वीप्रमाणेच" असं लिहायचं. थंडीत बोटं बधिर झालेली असताना हा मोह कुठल्याही देशातल्या माणसाला होतो.

त्याने बांधणीवर असतानाचा एक किस्सा सांगितला. इथल्या कॉंक्रीटमधे मुद्दाम हवा मिसळतात, बारीक बारीक बुडबुडे. कारण पाण्याचा बर्फ होताना तो साधारण नऊ टक्के फुगतो. बुडबुडे असतील तर फुगायला जागा मिळते, नाहीतर दोन-चार हिवाळ्यांत कॉंक्रीटचे पापुद्रे निघतात. म्हणून ट्रक आला की तीन गोष्टी बघायच्या, किती वाजता भरला, स्लंप किती, हवा किती. एकदा एका ट्रकमधे हवा कमी निघाली. हा नुकताच नोकरीला लागलेला, ॲक्सेंट आपला, समोर तीस वर्षं कॉंक्रीट ओतलेला गोरा सुपरवायझर. तो म्हणाला, मागे ट्रकची रांग लागली आहे, पोरा, चालेल हे. याने ट्रक परत पाठवला. संध्याकाळी याच्या साहेबाकडे तक्रार गेली. साहेबाने एवढंच विचारलं, "आकडा लिहिलास का?" लिहिला होता. वेळ, ट्रकचा नंबर, मीटरचं रीडिंग. विषय संपला.

हे ऐकताना मी गप्प बसलो होतो. सरपंचाला वाटलं मला झोप आली.

तर आता ती संध्याकाळ.

मी २०११ च्या पावसाळ्यानंतर एका कंत्राटदाराकडे ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो. गाव, रस्ता, कंपनी काही सांगत नाही. सह्याद्रीच्या पूर्वेकडे कुठेतरी, एवढं पुरे. पगार अगदी बेताचा, राहायला पत्र्याची खोली आणि मेसला रोज फ्लॉवर. काम होतं एका ओढ्यावरच्या तीन गाळ्यांच्या लहान पुलाचं. अमेरिकेत अशा पुलाकडे कुणी ढुंकून बघणार नाही. पण त्या ओढ्याच्या पलीकडे दोन वाड्या आणि एक शाळा होती, आणि पावसाळ्यात पोरं कंबरभर पाण्यातून यायची.

एप्रिलअखेर स्लॅब भरायचा दिवस ठरला. सेंटरिंग झालं, सळई बांधून झाली, कव्हर ब्लॉक मी स्वतः मोजून लावून घेतले. प्लॅंटवरून माल यायला एरवी तास-सव्वा तास लागायचा. सकाळी पहिले मिक्सर वेळेवर आले. स्लंप व्यवस्थित, क्यूब भरले. पहिला गाळा झाला, दुसरा झाला. मग दुपारी प्लॅंटवर काहीतरी बिघडलं आणि माल थांबला. दोन तास, अडीच तास. ऊन असं की शटरिंगच्या प्लेटला हात लावला तर चटका. शेवटचे तीन मिक्सर आले तेव्हा साडेपाच वाजले होते, वाटेत ट्रॅफिकमधे अडकलेले. माल पन्हळीतून उतरेना. घट्ट झाला होता.

नियमाने तो माल परत जायला हवा होता. आमच्या मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "अरे थोडं पाणी मार आणि उतरवून घे. आज स्लॅब पुरा झालाच पाहिजे." मी म्हटलं, "सर, पण..." तिकडून फोन बंद. टॅंकरवाल्याने पाइप मिक्सरच्या तोंडात घातला. किती पाणी गेलं ते कुणी मोजलं नाही. माल झुळझुळ उतरला. व्हायब्रेटरवाले खूष, त्यांचं काम हलकं झालं.

सिव्हिलवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी. कॉंक्रीटमधे सिमेंटला जेवढं पाणी लागतं त्याहून जास्त घातलं की ते पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक छिद्रं सोडतं. ताकद कमी होते हा एक भाग. दुसरा भाग जास्त वाईट. त्या छिद्रांतून पाणी आणि हवा आत सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, फुगते, आणि काही वर्षांनी कॉंक्रीटला आतून फोडते. पहिल्या दिवशी काहीही दिसत नाही. वरून गुळगुळीत, छान दिसतं.

रात्री आठ वाजता दिव्याखाली रजिस्टर समोर आलं. तारीख, गाळा नंबर, कॉंक्रीटचा ग्रेड, स्लंप, किती क्यूब, सही. तिसऱ्या गाळ्याचे क्यूब आम्ही भरलेच नव्हते. सकाळच्या चांगल्या मालाचे जास्तीचे क्यूब होते, त्यांच्यावरच 'गाळा ३' असं लिहून टाकायचं ठरलं. कुणी ठरवलं? खरं सांगायचं तर कुणी तोंडाने ठरवलं नाही. मुकादमाने क्यूब आणून ठेवले, खडू माझ्या हातात दिला. मी लिहिलं. स्लंपच्या रकान्यात ९० लिहिलं. सही केली. मुकादम विजापूरकडचा होता, वयाने माझ्या वडिलांएवढा. तो माझ्याकडे बघत होता आणि मग मेसकडे निघून गेला.

अठ्ठावीस दिवसांनी क्यूब फोडले. उत्तम निकाल, पास! सकाळचा माल होता, पास होणारच.

पुढच्या जानेवारीत मी पुण्यात एका इन्स्टिट्यूटमधे जावाचा क्लास लावला. घरच्यांना सांगितलं की सिव्हिलमधे पैसा नाही. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं.

मग ३ ऑगस्ट २०१६ ची सकाळ. पुण्यातलं ऑफिस, कॅंटीनमधला टी.व्ही. आदल्या रात्री मुंबई-गोवा हायवेवर महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला होता. इंग्रजांच्या काळातला, १९२८ चा दगडी कमानींचा पूल. दोन एस.टी. गाड्या, एक राजापूरहून निघालेली आणि एक जयगडहून, दोन्ही मुंबईकडे, आणि काही खाजगी गाड्या अंधारात पुरात गेल्या. पुलाजवळ गॅरेज चालवणाऱ्या एका माणसाने आवाज ऐकून रस्त्यावर येऊन बाकीच्या गाड्या अडवल्या, नाहीतर आणखी किती गेल्या असत्या कोण जाणे. गाड्या कुठे गेल्या हे शोधायला क्रेनला तीनशे किलोचं लोहचुंबक लटकवून नदीत सोडलं. त्या पुलाचीही त्याच वर्षी पावसाळ्याच्या आधी तपासणी होऊन तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असं सरकारनेच सांगितलं. शेजारी नवा पूल होता. मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरून, येणारी नव्यावरून. फक्त दिशेवर सगळं ठरलं.

(अवांतर: तिथला नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मधे सुरू झाला. इकडे ३५ डब्ल्यूचा नवा पूल १८ सप्टेंबर २००८ ला, म्हणजे पडल्यापासून तेरा-चौदा महिन्यांत सुरू झाला, तोही मिनेसोटाचा हिवाळा मधे धरून. मधल्या गाळ्याचे १२० तुकडे शेजारच्या बंद हायवेवर ओतले आणि मग नदीवर नेऊन जोडले. आत तीनशेच्या वर सेन्सर आहेत. मनात आणलं तर दोन्हीकडची माणसं किती वेगाने बांधू शकतात! पण ते मनात यायला पूल पडावा लागला, दोन्हीकडे.)

त्या शनिवारी मी कुणाला काही न सांगता बाईक काढली आणि माझ्या पुलावर गेलो. बारीक पाऊस होता. पूल उभा होता. वरून एक उसाचा ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या घेऊन गेला. शाळेची पोरं छत्र्या फिरवत चालली होती, कंबरभर पाण्यातून नाही, वरून. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू. मग मी चिखलातून खाली उतरलो आणि तिसऱ्या गाळ्याच्या पोटाकडे पाहिलं.

पहिल्या दोन गाळ्यांचं पोट स्वच्छ. तिसऱ्याच्या पोटावर पांढरे ओघळ उतरलेले. पाणी कॉंक्रीटमधून झिरपताना आतला चुना घेऊन बाहेर येतं, त्याचे हे डाग. दोन ठिकाणी पोकळ खडी दिसत होती, त्यावर कुणीतरी कधीतरी गिलावा थापलेला. एका कडेला तांबूस रेघ. चार वर्षं झाली होती फक्त.

घरी येऊन मी पत्र लिहिलं. पूल कुठला, गाळा कुठला, काय दिसतंय, तपासणी करावी ही विनंती. ज्या कार्यालयाकडे तो पूल येतो तिथे टाकलं. खाली सही केली, "एक जागरूक प्रवासी". उत्तर आलं नाही, आणि कुठल्या जागरूक प्रवाशाला ते पाठवणार होते म्हणा! २०१८ ला मी इकडे आलो.

२६ मार्च २०२४ च्या रात्री बाल्टिमोरला जहाज धडकून की ब्रिज पडला, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या चर्चा जहाजाबद्दल होत्या, कारण त्यावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. जहाजावरून मेडे दिल्यामुळे पोलिसांना पुलावरची वाहतूक थांबवता आली, हे खरंच मोठं काम झालं. पण पुलावर आठ माणसं रात्री दीड वाजता खड्डे बुजवत होती. त्यातली सहा गेली. मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर. पोटासाठी देश सोडून आलेली. सरपंच त्या दिवशी रात्री माझ्याकडे जेवायला आला होता. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रात्रपाळीत मी अशाच लोकांबरोबर उभा असतो. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून घरी व्हिडिओ कॉल करतात."

का कोण जाणे, पण त्याच रात्री मी त्याला सगळं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. बायकोलाही तेव्हाच कळलं.

मला वाटलं होतं तो चिडेल किंवा "जाऊ दे रे, सगळेच करतात" म्हणेल. त्याने कागद मागितला.

"गाळा केवढा?"

"साडेआठ मीटर."

"स्लॅबची जाडी? खालची सळई किती एम.एम.? किती अंतरावर?"

आश्चर्य म्हणजे मला सगळं आठवत होतं. काल टाकलेला कोड आज आठवत नाही, पण ती सळई आठवत होती. त्याने अर्धा तास आकडे मांडले. शेवटी म्हणाला, की कॉंक्रीट अगदी निम्म्या ताकदीचं झालंय असं धरलं तरी एवढ्या लहान गाळ्याला सळईच्या जोरावर तो उद्या अचानक खाली येईल असं दिसत नाही. पण चार वर्षांत तांबूस रेघ आली असेल तर सळई गंजायला लागली आहे, आणि तो हिशेब कागदावर होत नाही. तिथून कोअर काढायला हवेत, म्हणजे कॉंक्रीटचे गोल तुकडे कापून फोडून बघायचे, आणि झिरपणं थांबवायला हवं. तेवढं वेळेवर केलं तर पूल वाचतो.

मग म्हणाला, "तुझ्या पत्रात काय होतं? डाग आहेत, एवढंच. डाग कुठल्या पुलाला नसतात? तुझ्याकडे जी माहिती आहे ती जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. कागदावर तर तो गाळा पास आहे. जो कुणी फाईल उघडेल तो तुझा आकडा बघेल आणि फाईल बंद करेल."

मी ३५ डब्ल्यूच्या फोटोंबद्दल इतक्या पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

बायको म्हणाली, "नाव घालून लिही." मग भीतीची यादी झाली. कंत्राटदार काय म्हणेल, केस होईल का, व्हिसाचं काय, आई-बाबांना कुणी त्रास देईल का. यातली एकही भीती मी खोटी म्हणणार नाही. दीड वर्ष आम्ही त्याच्यावर बोललो, थांबलो, परत बोललो. मधे देशात एक वकील मित्र आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, लिही, पण जे स्वतः केलंस आणि पाहिलंस तेवढंच लिही, बाकीच्यांबद्दल अंदाज नको.

गेल्या महिन्यात लिहिलं. दोन पानं, मराठीत. स्लॅब भरल्याची तारीख, शेवटच्या तीन मिक्सरच्या वेळा, पाणी घातलं हे, तिसऱ्या गाळ्याचे क्यूब भरले गेले नाहीत हे, रजिस्टरमधला ९० हा आकडा मी न मोजता लिहिला हे. २०१६ ला पाहिलेले डाग, त्यांची जागा उत्तरेकडच्या खांबापासून अंदाजे किती फूट. आणि खाली पूर्ण नाव, कराडची डिग्री, इकडचा पत्ता, फोन. सरपंचाने वाचून एका ठिकाणी दुरुस्ती केली. मी "दुर्दैवाने पाणी घातले गेले" असं लिहिलं होतं. त्याने 'दुर्दैवाने' खोडलं.

भावाने ते रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं आणि तो स्वतः पुलाखाली जाऊन फोटो काढून आला. तांबूस रेघ आता हातभर लांब झाली आहे. शाळेला दुसरा मजला आलाय.

परवा पोचपावतीचा फोटो त्याने पाठवला. त्यावर गोल शिक्का आहे आणि कुणाची तरी न वाचता येणारी सही. पुढे काही कळलं की लिहीन. तुमच्यापैकी कुणी देशात पुलांच्या तपासणीचं काम केलं असेल, कोअर टेस्टसाठी पाठपुरावा कुणाकडे आणि कसा करायचा हे माहीत असेल, तर जरूर कळवा.